अक्काचं धाबं

धाब्याचं घर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते समजावून सांगणं अवघड जातं, कारण सांगायला लागलं की ते गरिबीचं वर्णन वाटतं, आणि ते तसं नव्हतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर निंबाचा पाला, पाल्यावर चिकणमाती आणि सगळ्यांत वर खारी. खारी म्हणजे पांढुरकी, जिभेला खारट लागणारी माती. पाणी पडलं की ती फुगून घट्ट बसते आणि खाली थेंब जाऊ देत नाही. मात्र दर पावसाळ्यात तिचा थोडा थर वाहून जातो, म्हणून वैशाखात आखाजीचा सण झाला की गाढवांवरून नवी खारी यायची. जुना थर खरवडायचा, नवा पसरायचा, पाणी मारून बडवायचा. हे दर वर्षी केलं तर धाबं तीन पिढ्यांना पुरतं. मी आज जळगावला नशिराबाद रोडवर स्लॅबच्या फ्लॅटमध्ये राहते. स्लॅब गळतो, सोसायटी त्यावर सभा घेते, सभेत चहा होतो आणि पुढच्या पावसाळ्यात स्लॅब पुन्हा गळतो. धाब्याला सभा लागत नसे. त्याला फक्त दर वर्षी कोणीतरी वर चढणारं लागे.

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे देवपुरात अक्काचं असं घर होतं. अक्का म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, मोठी बहीण. नात्याने माझी आत्या. पण आबा तिला अक्का म्हणत, आई म्हणे, सगळी गल्ली म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणायला शिकले. आम्ही एरंडोलचे. मला कॉलेजसाठी धुळ्याला पाठवायचं ठरलं तेव्हा होस्टेलचा विषयसुद्धा निघाला नाही. अक्काचे यजमान, नाना, नुकतेच गेले होते. मूलबाळ नव्हतं. मला छप्पर हवं होतं आणि तिला छपराखाली कोणीतरी हवं होतं, इतका साधा हिशेब.

मी जायच्या आधी तिने एक गोष्ट केली. मागच्या अंगणात एक रिकामा गोठा होता, म्हैस विकल्यापासून पडून असलेला. त्याचं खचलेलं धाबं उतरवून तिने वर पत्रे टाकले, आत फरशी बसवली आणि कडी असलेलं दार लावून त्याची न्हाणी केली. तोवर घरातल्या बायका पडवीच्या कोपऱ्यात लुगडं आडवं टाकून अंघोळ करायच्या. "कॉलेजनी पोर शे, तिले दार पायजे," असं ती गवंड्याला म्हणाली होती म्हणे. पत्र्यावर पाणी तापवायच्या बंबाचा धूर चढायचा आणि मी आत उभी राहून इंग्रजी कविता पाठ करायची. आयुष्यात पहिल्यांदा मला आतून लावता येणारी कडी मिळाली होती. ती कडी पुढे कोर्टात पुरावा होणार आहे हे मला तेव्हा कसं कळावं.

त्या घरात सकाळ आवाजाने व्हायची. आधी निंबावरचे पोपट, मग भाकरी थापण्याचा आवाज, मग पुलावरून शहरात जाणाऱ्या सायकलींच्या घंट्या. थंडीत भरताची वांगी यायची, हिरवी, पांढरट, लहान दुधीएवढी. अक्का ती कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावरच भाजायची, गॅसवर भाजलेलं वांगं तिला आजारी माणसासारखं वाटे. भाजून झालं की लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायचं, वर कांद्याची पात, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वांग्याची देठं ती टाकत नसे. त्यांना चिकटलेला गर चमच्याने काढून घ्यायची. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला पडायची, तांदळाचं धुणं तुळशीला जायचं, जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची आणि जुन्या गोधडीचं पायपुसणं. घरातली एखादी वस्तू संपली असं मी कधी पाहिलं नाही. ती फक्त दुसरीकडे कामाला लागायची. उन्हाळ्यात धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायचे आणि संध्याकाळी ते उचलून त्याच जागी आम्ही अंथरुणं घालायचो. दिवसभर तापलेली खारी पाठीला ऊब द्यायची. पाय मात्र हलका टाकायचा, ही ताकीद रोजची.

नाना कोर्टात कारकून होते आणि निवृत्त झाल्यावर दस्त लिहून द्यायचे. खरेदीखतं, भाडेपट्टे, बक्षीसपत्रं. लिहिता लिहिता ती भाषा त्यांच्या जिभेवर गेली होती. लहानपणी सुट्टीत आम्ही देवपूरला जायचो तेव्हा ते जेवताना "सदरहू वरणात मीठ नाही" म्हणायचे. मेथी आणायला पाठवलं तर पालक घेऊन यायचे आणि दारातूनच सांगायचे, उक्त मेथी उपलब्ध नसल्याने बदली पालक आणला आहे. आम्ही मुलं हसून लोळायचो. ते हसायचे नाहीत, कारण ते विनोद करत नव्हते. साध्या वाक्याला कोट-टोपी घातल्याशिवाय ते बाहेर सोडणं त्यांना असभ्य वाटायचं. अक्काला त्या भाषेतलं अर्धं कळायचं नाही आणि नेमकं त्या अर्ध्याचाच तिला अभिमान होता. तिला सही येत होती, त्यापलीकडे अक्षर नाही. कोर्टातून आणलेला कोणताही कागद ती देव्हाऱ्याजवळ ठेवायची, मग तो जुना तारखांचा तक्ता का असेना.

आणि आखाजी. खानदेशाबाहेरच्या लोकांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोन्याच्या दुकानाची जाहिरात वाटते. आमच्याकडे तो माहेरवाशिणींचा सण. लेकी घरी येतात, पितरांची घागर भरली जाते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, आणि झाडांना झोके बांधतात. अक्काच्या अंगणातल्या निंबाची एक फांदी स्वयंपाकघराच्या दिशेने आडवी गेली होती, जशी झोक्यासाठीच वाढवली असावी. गल्लीतल्या सगळ्या लेकी तिथे यायच्या. जिला लेक नव्हती तिचं अंगण साऱ्या गल्लीचं माहेर झालं होतं. झोका बांधण्याआधी अक्का फांदीला गोणपाट गुंडाळायची, दोन पदर, आणि मगच वरून दोर टाकू द्यायची. पोरींना घाई असे, त्या कुरकुरत. ती म्हणायची, "झाडलेबी आंग शे." संध्याकाळी पोरी पांगल्या की नाना तिला झोक्यावर बसवायचे. साठीचा माणूस, अंगात कोर्टाचा काळा कोट, आणि बायकोला झोका देतोय. गल्ली खिडक्यांतून हसायची. अक्का पदराने तोंड झाकायची. पण उतरायची नाही. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून पुढे जे झालं ते मला अजून नीट गिळता येत नाही.

नानांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं. अक्काला ते एवढंच म्हणाले होते की तुझी सोय लावली आहे. सोय अशी होती की घर अक्काने तहहयात वापरावं आणि तिच्या पश्चात ते नानांच्या पुतण्याकडे जावं. हा पुतण्या जळगावला असायचा. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. सफारी, अत्तर, आणि कोणत्या ना कोणत्या संस्थेचं अध्यक्षपद. त्याच्या दिवाणखान्यात त्याचेच सत्काराचे इतके फोटो होते की पाहुण्याला वाटावं, याने आयुष्यात नारळ स्वीकारण्याखेरीज काही केलेलं नाही. वाईट माणूस म्हणावा असाही नव्हता. फक्त त्याला वाट पाहायची सवय नव्हती. देवपुरात तेव्हा रस्त्याकाठच्या जागांचे भाव चढत होते आणि अक्काची तब्येत ठणठणीत होती.

त्याने दावा लावला. काकूने मिळकतीची नासधूस चालवली आहे, असा.

मी आता जळगावला कायदा शिकवते. हा विषय दर वर्षी वर्गात येतो. ज्याच्याकडे मिळकतीचा आजचा वापर आहे त्याने ती अशी बिघडवायची नाही की ज्याचा उद्याचा हक्क आहे त्याच्या हाती पडके अवशेष यावेत. तत्त्व इतकं सरळ आहे आणि इतकं शहाणंही. मोडणं ही नासधूस. मोडू देणं, म्हणजे छप्पर गळत असताना हात बांधून बसणं, हीसुद्धा. आणि तिसरा एक प्रकार असा की मिळकतीत न विचारता केलेली सुधारणादेखील नासधूस ठरू शकते, कारण जे मिळायचं होतं ते तेच राहिलं नाही. इथे मुलं हसतात. मीही हसते, मग फळा पुसते.

भाऊसाहेबाच्या दाव्यात दोन मुद्दे होते. गोठ्याचं धाबं उतरवून पत्रे टाकले आणि मिळकतीचं स्वरूप बदललं, हा पहिला. दुसरा, अंगणातल्या निंबाच्या फांदीला वर्षानुवर्षे दोर बांधून झाडाला कायमची इजा केली. आम्ही हे आमच्या वकिलांच्या ऑफिसात ऐकलं. आबा एरंडोलहून आले होते. वकील देवपुरातलेच, नानांना ओळखणारे, बोलके गृहस्थ. विधवेचा मर्यादित हक्क कायद्याने पूर्ण मालकीचा होतो असाही एक मुद्दा आपण घेऊ, पण मृत्युपत्राने बांधूनच दिलेला हक्क बांधलेलाच राहतो असं समोरचे म्हणतील, वगैरे त्यांनी आबांना सांगितलं. मग ते मृत्युपत्रातला मजकूर वाचू लागले. माझ्या पत्नीने उक्त मिळकतीची नासधूस, मोडतोड, झाडतोड अगर स्वरूपबदल न करता तहहयात उपभोग घ्यावा. तसे काही केल्याचे आढळल्यास तिचा हक्क तत्काळ संपुष्टात येऊन तिने मिळकत खाली करून द्यावी.

अक्का तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. ती म्हणाली, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. तिने विचारलं, हे भाऊसाहेबाने लिहिलं का? वकील म्हणाले, छे, हे नानांचंच, त्यांच्याच हस्ताक्षरात, काय सुंदर अक्षर होतं बघा. त्यांनी कागद तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण ते अक्षर तिला ओळखता येत होतं.

घरी येताना पुलावर ती मध्येच थांबली. खाली पांझरेत धुणी चालली होती. तिने मला विचारलं, नासधूस म्हणजे नक्की काय. मी सांगितलं, मोडणं, वाया घालवणं. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "त्यास्नं मी काय मोडं, पोरी?"

तेव्हापासून ती दाव्याविषयी बोलायची तेव्हा भाऊसाहेबाचं नाव घेत नसे. तिला वाटत होतं, दावा नानांनीच लावला आहे.

निकाल लागेपर्यंत मिळकतीची स्थिती जैसे थे ठेवावी, असा हुकूम झाला. तो घेऊन आलेला बेलिफ नानांच्या हाताखाली काम केलेला होता. अक्काने त्याला चहा दिला. त्यानेच तो वाचून दाखवला आणि शरमून लवकर उठला. तिने कागदाची घडी घालून तो देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला.

दर तारखेला आम्ही पूल ओलांडून जायचो, डबा घेऊन. भाऊसाहेब व्हरांड्यात आधी काकूच्या पाया पडायचा आणि मग तिच्याविरुद्धच्या कामासाठी आत जायचा. तीही न चुकता त्याच्या डोक्यावर हात ठेवायची. कोर्टाने पाहणीला कमिशनर पाठवला. तो तरुण वकील होता आणि नव्या बुटांना माती लागू नये म्हणून अंगणाच्या कडेकडेने चालत होता. न्हाणीची कडी त्याने दोनदा लावून पाहिली. निंबाखाली उभं राहून मान वर करून फांदीकडे बघितलं आणि खालूनच लिहून घेतलं. अक्काने शिडी आणून ठेवली होती. ती शिडीकडे बोट दाखवत राहिली, तो धन्यवाद म्हणाला आणि गेला.

त्या आखाजीला गल्लीतल्या पोरी दोर घेऊन आल्या. त्यात एक नवी माहेरवाशीण होती, लग्नानंतरची पहिली आखाजी. अक्काने सगळ्यांच्या हातावर सांजोरी ठेवली आणि झोका होणार नाही म्हणाली. पोरी थोडा वेळ अंगणात उभ्या राहिल्या. जिचं अंगण तिने नाही म्हटल्यावर काय बोलायचं हे त्यांना कळेना, कारण तिने कधी नाही म्हटलंच नव्हतं. मग त्या दोर गुंडाळत शाळेच्या वडाकडे गेल्या. संध्याकाळभर तिकडून गाणी ऐकू येत होती. अक्का पुरण वाटत बसली होती. ते केव्हाच वाटून झालं होतं.

आणि मग खारी घेऊन म्हातारे सुपडू आले. दर वर्षी तेच यायचे, गाढवांच्या पाठीवर दोन्हीकडे पोती. अक्काने त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि खारी घालायची नाही असं सांगितलं. त्यांना वाटलं, भावावरून काही आहे. ते भाव कमी करायला निघाले. तिने देव्हाऱ्यातून कागद आणून दाखवला. त्यांनाही वाचता येत नव्हतं. दोघं तो कागद बघत बसले. शेवटी ते म्हणाले, "अक्का, पानी काय कोर्टले इचारीसन येस का?" तिने कागदाची घडी घातली. ते भरली गाढवं घेऊन परत गेले. जाताना वळून धाब्याकडे बघितलं, त्यांचंही ते असावं तसं.

आबा एरंडोलहून येऊन ओरडले. वकिलांनी हसत सांगितलं की वर्षाची डागडुजी म्हणजे बदल नव्हे, खुशाल खारी घाला. अक्का म्हणाली, लिहून द्या. ते म्हणाले, मी लिहून देऊन काय उपयोग, कोर्टाने द्यायला हवं आणि कोर्टाला सुट्टी आहे. ती म्हणाली, मग जसं आहे तसं. नाना म्हणायचे की कोर्टाचा कागद तोंडी बोलण्याने मोडत नाही. मी तिला रोज समजावत होते. मला वाटायचं, ती घाबरली आहे किंवा हट्टाला पेटली आहे. दोन्ही नव्हतं. तिला मोडणारी म्हटलं गेलं होतं, आणि म्हणणाऱ्याला आता उत्तर देता येणार नव्हतं. म्हणून तिने ठरवलं होतं की या घराचा कणसुद्धा आपल्या हाताने इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. त्याने वरून बघितलं तर त्याला दिसावं.

श्रावणात झड लागली. आधी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात ओल दिसली, मग ठिपके पडू लागले. आम्ही खाली भांडी मांडली. पातेलं, परात, तांब्या. प्रत्येकाचा आवाज वेगळा. मी धाब्यावर ताडपत्री टाकते म्हणाले. अक्का विचारात पडली. "ताडपत्री टाकी तर ते जैसे थे राही का?" तिने मला खरोखर विचारलं, कॉलेजात शिकणारी म्हणून. मी हो म्हणाले. तिने मान हलवली, नको.

सकाळी ती भाकरी थापत होती, मी शेजारी बसून चहा पीत होते. धाबं कोसळलं ते मोठ्या आवाजाने नाही. धान्याचं पोतं तोंड सुटून रितं व्हावं तसा एक लांब, जड आवाज झाला, मध्ये तुळई मोडल्याचा एकच कडाका, आणि मग पुन्हा पाऊस. मधल्या खोलीत ओल्या मातीचा ढीग होता आणि त्यातून पाला डोकावत होता, किती वर्षांपूर्वीचा कुणास ठाऊक, अजून निंबाचाच वास येणारा. नानांची खुर्ची, फोटो, देव्हारा, सगळं खाली. अक्का पिठाच्या हातांनी दारात उभी होती. रडली नाही. तव्यावरची भाकरी जळायला लागली तशी मागे वळली, ती उलथली, आणि तव्याकडे बघतच म्हणाली, "आते हाईबी मनावरच येई."

तसंच झालं, ठपका तिच्यावरच आला. भाऊसाहेबाने दाव्यात तिसरा मुद्दा वाढवला. देखभाल न करता छप्पर पडू दिलं, हीदेखील नासधूस. त्याच्या वकिलांनी तो मुद्दा छान मांडला; आज मी त्यांना चांगले गुण दिले असते.

न्यायाधीश वयाने फार नव्हते, दमलेले दिसत होते. बरंच ऐकून घेतल्यावर त्यांनी अक्काला पुढे बोलावलं आणि साध्या आवाजात विचारलं, बाई, दर वर्षी माती टाकत होतात, मग याच वर्षी का नाही टाकली?

अक्काने पदर सारखा केला. "साहेब, तुमनाच कागद व्हता. जसं शे तसं राहू द्या, आसं लिखेल व्हतं."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. काही वेळ ते समोरच्या कागदांकडे बघत राहिले, जणू ते कोणी दुसऱ्याने लिहिले आहेत. मग त्यांनी हुकूम दुरुस्त केला. बाईंनी घर पूर्ववत बांधून घ्यावं, पत्रे अगर स्लॅब जे सोयीचं असेल ते; न्हाणीला हात लावू नये; त्यांना घरातून काढण्याची विनंती नामंजूर. आमचे वकील बाहेर येऊन आबांच्या पाठीवर थाप मारत होते. भाऊसाहेब रीतीप्रमाणे पाया पडला.

वकिलांच्या ऑफिसात पेढे आले. आबा गवंड्याचा हिशेब मांडू लागले. अक्का म्हणाली, बांधायचं नाही. मी त्या घरी जाणार नाही.

आबांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ते चिडले, मग काकुळतीला आले. शेवटी वकिलांना कळलं, ते हुशार होते. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि खरोखर मायेने सांगितलं की अक्का, ते वाक्य तुम्ही मनाला लावून घेतलंय. अहो, ते नानांचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक भाडेपट्ट्यात ते हेच्या हेच घालायचे, पाठच होतं त्यांना. परवाच गल्ली नंबर अमुकमधल्या मारवाडी शेठजींच्या गोदामाचा करार हाती आला, त्यात शब्दन् शब्द हेच आहे. दस्त भरदार दिसावा म्हणून घालायचे. त्यात तुमच्याविषयी काहीसुद्धा नाही.

ते खरं होतं. आज माझ्या हाताखालून किती दस्त गेले. मला माहीत आहे की ते वाक्य नानांनी विचार न करता, नुसतं लयीत लिहिलं असणार, वरणाला सदरहू म्हणावं तसं. अक्काने सगळं ऐकून घेतलं. हातातला पेढा तिने तसाच बशीत ठेवला.

"गोदामले लिखं ते बरं करं," ती म्हणाली. "मी काय गोदाम शे?"

ती उठली आणि परत कोर्टात गेली. 

कोर्टाच्या व्हरांड्यात भाऊसाहेब अजून कोणाशी तरी बोलत उभा होता. अक्काने कमरेची किल्ली सोडवली आणि त्याच्या हातात दिली. "हाई तुनी किल्ली. मी काही मोडं नही." त्याला काय करावं ते सुचेना, आयुष्यात पहिल्यांदा तो काहीतरी हार-नारळाशिवाय स्वीकारत होता. घरातून तिने दोन लुगडी आणि बडगी घेतली. मातीखालचा नानांचा फोटो आबांनी काढून पुसला होता, तो तिने घेतला नाही. आबांनी तो पिशवीत लपवून आणला आणि पुढे आमच्या माळ्यावर ठेवला.

ती एरंडोलला आमच्याकडे राहिली. मी होस्टेलात गेले. सुट्टीला घरी आले की बघायची, अक्का आमच्या घरात पाहुण्यासारखी वावरते आहे, आणि पाहुणी नसून भावाच्या घरी आहे हे तिला सांगितलं तर मान डोलावते. बडगी तिने कपाटातून कधी काढली नाही. भरीत आई करायची. देवळात जाऊन आली की चपला नेमक्या त्याच फरशीवर. एकदा तिला ओलं लुगडं टांगायला जागा नव्हती, तेव्हा ती आईकडे गेली आणि विचारलं, भिंतीला एक खिळा ठोकला तर चालेल का. आई स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडली. आबांनी त्या दिवशी हातोडी घेऊन घरभर खिळे ठोकले, लागतील तिथे, न लागतील तिथे. अक्काने त्यातला एकही वापरला नाही. काही वर्षांनी ती तशीच, कुठे काही हलू न देता, गेली.

परीक्षेत मी मुलांना एक प्रश्न नेहमी घालते. मिळकतीच्या पूर्ण मालकाने स्वतःच ती उद्ध्वस्त केली तर? बरीच मुलं पानभर लिहितात. उत्तर एका ओळीचं आहे. मालकाने केली तर ती नासधूस नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधीच दिसलं होतं. किल्ली दिल्यावर पहिल्याच थंडीत मी सायकलवरून देवपुरातून जात होते. भिंती गेलेल्या होत्या. न्हाणीचं दार कडीसकट कुंपणाला टेकवलेलं होतं. निंब पाडून त्याचे ओंडके ट्रकमध्ये भरायचं चाललं होतं. मी सायकल लावून उभी राहिले. कोणी हटकलं नाही. मुलगी बघते आहे, बघू दे. ती आडवी फांदी मी लांबूनच ओळखली. ती वेगळी तोडून बाजूला टाकली होती. तिच्या मधोमध, जिथे दोर यायचा, तिथे गोणपाटाचे चार धागे सालीत अडकून राहिले होते. मी ते बोटांनी सोडवले आणि खालून, वरून, सगळीकडून हात फिरवला. इतक्या वर्षांचे झोके, इतक्या लेकी, संध्याकाळचा तो एक झोका. साल अखंड होती. दोराचा एक वळसुद्धा नव्हता.